बेडकाची दोन इंच नस आणि एक वजाबाकी

१५ जानेवारी १८५० या दिवशी पूर्व प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरातून (आजचं रशियातलं कालिनिनग्राद) एक छोटंसं टिपण बर्लिनला रवाना झालं. पाठवणारा होता हेर्मान हेल्महोल्ट्झ, वय अठ्ठावीस, शरीरक्रियाशास्त्राचा नवाकोरा प्राध्यापक. टिपणातला मुद्दा एवढाच, की बेडकाच्या कमरेकडच्या नसांना विजेचा क्षणिक झटका दिला तर तो निरोप पोटरीच्या स्नायूत पोचायला वेळ लागतो, आणि तो मोजता येतो. मोठ्या बेडकांची ५० ते ६० मिलिमीटर लांबीची नस पार करायला ०.००१४ ते ०.००२० सेकंद लागत होते. बेडूक २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवलेले होते आणि प्रयोगाच्या खोलीचं तापमान ११ ते १५ अंश होतं, हेही त्याने टिपणात लिहिलं होतं.

एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या दीड-दोन भागांचा हा मामला. या प्रकरणात वेग किती निघाला याहून तो काढण्याची रीत मोलाची आहे. आज नसांच्या तपासणीचा जो कागद रुग्णाच्या हातात पडतो, त्यातला मुख्य आकडा तंतोतंत त्याच रीतीने निघतो. पण १८५० साली बर्लिनमधल्या शहाण्यासुरत्या लोकांनाही ही रीत पहिल्या वाचनात कळली नव्हती. हे असं का झालं, ते नीट पाहण्यासारखं आहे.

‘हे कधी मोजताच येणार नाही’

नसेला झटका दिला की स्नायू उडतो, ही गोष्ट तोवर जुनी झाली होती. बोलोन्याच्या लुइजी गाल्वानीने बेडकाच्या पायांवरचे प्रयोग १७९१ मध्ये छापले होते आणि त्यावरून व्होल्टाशी पेटलेल्या वादातून १८०० साली बॅटरी जन्माला आली होती. १८४८ मध्ये बर्लिनच्या एमिल दु ब्वा-रेमोंने प्राण्यांमधल्या विजेवरच्या आपल्या ग्रंथाचा पहिला खंड काढला. नसेतल्या घडामोडींचा विजेशी संबंध आहे याबद्दल जाणकारांना फारशी शंका उरली नव्हती.

घोळ नेमका इथेच होता. तारेतून वीज धावते तो वेग डोळे दिपवणारा. मग नसेतूनही काहीतरी तसंच धावत असणार, असं मानणं अगदी स्वाभाविक होतं. हेल्महोल्ट्झ आणि दु ब्वा-रेमों या दोघांचेही गुरू, बर्लिनचे योहानेस म्युलर, यांनी आपल्या शरीरक्रियाशास्त्राच्या ग्रंथात जुन्या अंदाजांची यादीच दिली होती. अठराव्या शतकातला शरीरक्रियाशास्त्रज्ञ हालर याचा आकडा मिनिटाला ९००० फूट. दुसऱ्या एकाचा सेकंदाला ५७,६०० दशलक्ष फूट! इतकी तफावत असलेल्या आकड्यांचं करायचं काय? म्युलर यांनी स्वच्छ लिहून टाकलं, की नसेतल्या क्रियेचा वेग मोजण्याचं साधन आपल्याला बहुधा कधीच मिळणार नाही. प्रकाशाचा वेग काढता आला, कारण ग्रहांमधलं अफाट अंतर हाताशी होतं. शरीरात तेवढी लांबी आणायची कुठून?

हे म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं. नस दोन-सव्वादोन इंचांची आणि वेग प्रकाशाच्या आसपासचा असेल, तर उत्तर खरोखरच कुठल्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचं. गृहीतक चुकलं होतं, त्यापुढचं तर्कशास्त्र ठीकच होतं. गंमत म्हणजे हालरच्या आकड्याचं गणित केलं तर सेकंदाला साधारण ४५ मीटर येतात, म्हणजे तो नेमाच्या बराच जवळ होता. पण अंदाज जवळपास लागणं वेगळं आणि मोजणं वेगळं. त्या यादीत बरोबर उत्तर कोणतं हे ओळखायची कुणाकडे सोयच नव्हती.

हेल्महोल्ट्झला हे गृहीतक मुळातच पटत नव्हतं. तो पेशाने लष्करी डॉक्टर; पॉट्सडॅमच्या पलटणीत नोकरी करता करताच त्याने १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा निबंध लिहिला होता. शरीरात कोणतीही गूढ ‘जीवनशक्ती’ नाही, तिथेही बाहेरचेच भौतिक नियम चालतात, ही त्याची आणि दु ब्वा-रेमों, ब्र्युके, लुडविग या मित्रांची भूमिका होती. नसेतला निरोप म्हणजे तिच्यातल्या कणांची काही ना काही हालचाल असेल, तर त्या हालचालीला वेळ लागायलाच हवा. १८४९ मध्ये ब्र्युके व्हिएन्नाला गेला, त्याची क्योनिग्सबर्गची जागा हेल्महोल्ट्झला मिळाली, ऑगस्टमध्ये ओल्गाशी लग्न झालं, आणि हिवाळ्यात बेडूक टेबलावर आले.

अडचण: साक्षीदारच सुस्त

नसेकडे कितीही बघत बसलं तरी काही दिसत नाही. ती हलत नाही, रंग बदलत नाही. निरोप पोचला हे कळतं ते फक्त स्नायू आखडला म्हणून. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तो भलता सुस्त. झटका बसल्यावर स्नायू तत्काळ ओढ घेत नाही. हेल्महोल्ट्झच्या यंत्रात पहिली ओढ जाणवेपर्यंतच सेकंदाचा जवळपास शंभरावा भाग निघून जाई, आणि पुरता आखडायला आणखी कितीतरी वेळ. जे मोजायचं ते दीड-दोन सहस्रांश सेकंद, आणि मोजणाऱ्याचीच दिरंगाई त्याच्या पाच-सहापट.

ही दिरंगाई काढून टाकायची तर ती किती हे माहीत हवं, आणि ते तर स्वतंत्रपणे कळत नाही. झटका आणि उडी यांतलं अंतर कितीही अचूक मोजलं तरी त्यातलं नसेचं किती आणि स्नायूचं किती, हे त्या एका आकड्यातून निघणारच नाही. नुसती बारीक घड्याळं बनवून हा प्रश्न सुटत नव्हता.

यंत्र

घड्याळ मात्र लागणार होतंच. त्याची कल्पना फ्रान्सच्या पुय्ये याची, १८४४ मधली, मुळात बंदुकीच्या दारूच्या स्फोटाचा वेळ मोजण्यासाठी काढलेली. गॅल्व्हानोमीटरच्या (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाच्या) वेटोळ्यातून ठरावीक ताकदीचा प्रवाह अगदी थोडा वेळ जाऊ दिला, तर आतल्या लोंबत्या चुंबकाला एक धक्का बसतो आणि तो झोका घेतो. प्रवाह जितका जास्त वेळ वाहिला तितका झोका मोठा. म्हणजे सेकंदाच्या सूक्ष्म भागाचं रूपांतर डोळ्यांनी निवांत वाचता येईल अशा झोक्यात होतं. हेल्महोल्ट्झने चुंबकाला आरसा लावला आणि त्यात उमटणारी मोजपट्टी दुर्बिणीतून वाचली.

आता बेडकाची चौकट. वरच्या बाजूला मांडीच्या हाडाचा तुकडा चिमट्यात पक्का धरलेला. त्याला लोंबणारी पोटरी, तिच्या टाचेकडच्या कंडरेत आकडा, आकड्याखाली धातूची दांडी आणि तिच्याखाली वजनाचं पारडं. नस बाजूला काढून तारांच्या दोन जोड्यांवर अलगद टेकवलेली. एक जोडी स्नायूजवळ, दुसरी पार कण्याच्या बाजूला. नस सुकली की खेळ संपला, म्हणून भोवतीची हवा दमट ठेवायची. ज्यांनी कॉलेजात बेडूक फाडला आहे त्यांना मांडीतल्या स्नायूंच्या मधून जाणारा तो पांढरा चकचकीत दोरा आठवत असेल. माणसात हीच नस दुखू लागली की आपण सायटिका म्हणतो.

एक कळ दाबली की एकाच क्षणी दोन गोष्टी घडायच्या: प्रवर्तन वेटोळ्यातून नसेला झटका, आणि गॅल्व्हानोमीटरमधून वेळ मोजणारा प्रवाह सुरू. हा दुसरा प्रवाह दांडीच्या एका सांध्यातून जाई. तिथे सोन्याचा मुलामा दिलेलं टोक सोन्याच्या पत्र्यावर नुसतं टेकलेलं असे. स्नायूने वजन किंचित जरी उचललं तरी टोक सुटे, प्रवाह तुटे, आणि चुंबकाचा झोका तेवढ्यावर ठरे.

पण स्नायू सैल पडल्यावर दांडी परत खाली येणार, सांधा पुन्हा जुळणार, प्रवाह पुन्हा वाहणार आणि वाचन पार बिघडणार. यावरचा तोडगा मला या साऱ्या यंत्रात सर्वांत आवडतो. त्याच मार्गात त्याने दुसरा एक सांधा घातला: पाऱ्याच्या वाटीत बुडवलेलं टोक आणि मग ते स्क्रूने हळूच इतकं वर घेतलेलं, की पारा त्याला चिकटून धाग्यासारखा ताणला जावा. स्नायूने उचल खाल्ली की हा धागा तुटतो, पारा खाली सपाट होतो, आणि दांडी मूळ जागी परतली तरी टोक आता पाऱ्याच्या पृष्ठापासून केसभर वरच राहतं. प्रवाह एकदा तुटला तो तुटलाच. ना स्प्रिंग, ना खटका. सगळं काम पाऱ्याच्या चिकटण्यावर भागवलेलं.

मोजपट्टीवरचे आकडे, पारड्यातली वजनं, कुठल्या टोकाला झटका दिला याची नोंद, असं सगळं एकट्याने सांभाळणं अशक्य होतं. नोंदवहीचं काम ओल्गाने केलं, आणि ती नसती तर आपला गोंधळ उडाला असता, असं हेल्महोल्ट्झने मित्राला कळवलं आहे. शोधनिबंधावर नाव अर्थातच एकट्याचं.

वजाबाकी

इथे खरी युक्ती येते. नसेला स्नायूजवळ झटका द्यायचा, सांधा तुटेपर्यंतचा वेळ घ्यायचा. मग त्याच नसेला दूरच्या टोकाला झटका द्यायचा आणि पुन्हा वेळ घ्यायचा. दुसरा वेळ पहिल्याहून थोडा जास्त येतो. पहिला दुसऱ्यातून वजा करायचा.

समजा, पुण्याहून कोल्हापूरला एसटीने पार्सल पाठवलं. गाडी सुटल्यापासून पार्सल हातात पडेपर्यंतचा वेळ घेतला तर त्यात रस्ता किती आणि कोल्हापूरच्या डेपोतली नोंद, हमाल, रांग किती, हे सांगता येत नाही. पण त्याच गाडीत साताऱ्याला तसंच दुसरं पार्सल चढवलं आणि त्याचाही वेळ घेतला, तर वजाबाकीत सातारा ते कोल्हापूर हा रस्ता उडतो, डेपोतली सगळी दिरंगाई उडते, आणि हाती उरतो निव्वळ पुणे ते सातारा प्रवास. डेपोत किती वेळ गेला हे कळायची गरजच पडत नाही. दोन्ही पार्सलांना तो सारखा लागला म्हणजे झालं.

हेल्महोल्ट्झची वजाबाकी हीच. स्नायूची सुस्ती, स्नायूत शिरण्यापूर्वीचा विलंब, दांडीचं जडत्व, कळ दाबण्यातली बारीक चूक, सगळं दोन्ही मोजमापांत सारखं, म्हणून सगळं रद्द. उरतो फक्त दोन झटक्यांच्या जागांमधल्या नसेचा वेळ. लांबीला वेळेने भागलं की वेग. निरनिराळ्या बेडकांत तो सेकंदाला ढोबळपणे २५ ते ३८ मीटर आला. ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धरा. प्रकाशाशी तुलना राहू द्या, आवाजाच्या वेगाच्याही दहाव्या हिश्शाएवढा.

वजाबाकीला एक अट आहे, आणि प्रकरणाची सगळी मेहनत त्या अटीपायी आहे. ‘डेपोतला वेळ’ दोन्ही वेळा खरोखर सारखा हवा. काढून ठेवलेला स्नायू दर झटक्यागणिक थकत जातो आणि थकला की सुस्तावतो. आधी सगळी जवळची मापं आणि नंतर सगळी दूरची घेतली असती, तर थकव्यालाच नसेचा वेळ समजण्याची चूक झाली असती. म्हणून तो जवळ-दूर, जवळ-दूर असं आलटून पालटून मोजत गेला, लांबलचक मालिका घेत गेला, आणि खगोलशास्त्रज्ञांच्या किमान वर्गांच्या पद्धतीने सरासरी व संभाव्य चूक काढत गेला. शरीरशास्त्राच्या लेखात ‘चूक किती असू शकेल’ हे इतक्या शिस्तीने मांडणं तेव्हा नवलाचंच होतं. दुसरी भानगड झटक्याच्या जोराची. दूरचा झटका अपुरा पडला तर स्नायू कमी ताकदीने आखडेल, सांधा उशिरा तुटेल, आणि तो उशीर नसेच्या माथी येईल. तेव्हा दोन्ही जागांवरून स्नायूची ओढ सारखीच यायला हवी, याची खात्री आधी. तिसरं तापमान: थंडीत नस कमालीची मंदावते, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. पहिल्याच टिपणात अंश सेल्सिअस लिहिले आहेत ते त्यामुळेच.

बर्लिनमध्ये काय झालं

टिपण दु ब्वा-रेमोंकडे पोचलं, म्युलर यांनी ते बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं, आणि पुरता फज्जा उडाला. दु ब्वा-रेमोंने मित्राला खरमरीत पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की तुझं काम बर्लिनमध्ये माझ्याखेरीज कुणालाही समजलेलं नाही, आणि दोष तुझ्या लिहिण्याचा आहे. ऐकणाऱ्यांचा समज झाला की स्नायूला आखडायला लागणारा वेळ तू बाजूला काढलेलाच नाहीस. ऐंशी वर्षांच्या नामवंत निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टलाही अर्थबोध होईना. पॅरिसला हे असंच पाठवायला तो राजी नव्हता. शेवटी दु ब्वा-रेमोंने मजकूर उकलून सांगितला, दुरुस्त केला, आणि फेब्रुवारीत तो पॅरिसच्या अकादमीत गेला.

लोकांनी घेतलेला आक्षेप नेमका तोच होता ज्याचं उत्तर देण्यासाठी सारा प्रयोग रचला होता. त्यांचा मूर्खपणा म्हणून हे सोडून देता येत नाही. हेल्महोल्ट्झच्या हाती काय होतं? आकड्यांचे रकाने. नसेचा वेळ असा कुठेच ‘दिसत’ नव्हता. तो दोन सरासऱ्यांमधला फरक होता, शिवाय त्या सरासऱ्यांमागे चुंबकाच्या झोक्यांचं गणित होतं. डोळ्यांनी बघायची सवय असलेल्या शरीरशास्त्रज्ञांना असल्या पुराव्याची ओळखच नव्हती.

घरूनही विरोध आला, पण वेगळ्या जातीचा. वडील पॉट्सडॅमच्या शाळेत शिक्षक आणि तत्त्वज्ञानाचे नादिष्ट. त्यांनी लिहिलं, की विचार आणि त्याचा देहातला आविष्कार हे मला मागेपुढे घडणारे वाटत नाहीत, ते एकाच वेळी घडणारं एकच जिवंत कृत्य आहे. बायबलमधल्या अब्राहामाच्या काळात विझलेला तारा आज दिसतो म्हणतात, ते मानणं जितकं जड तितकंच हे. मला हे पत्र अकादमीच्या शेऱ्यांहून जास्त समजूतदार वाटतं. निरोपाला वेळ लागतो, म्हणजे बोट पोळलं हे आपल्याला पोळून झाल्यावर कळतं. ‘आता’ म्हणून जे जाणवतं ते किंचित जुनं असतं. वडिलांना खटकलं ते हेच, आणि ते खटकण्याजोगंच आहे.

हेल्महोल्ट्झने यातून घेतलेला बोध मात्र व्यवहारी होता. त्याने यंत्र बदललं. १८५२ मध्ये आलेल्या दुसऱ्या लेखात स्नायू स्वतःच आपली रेघ ओढतो: पोटरीला जोडलेली टोकदार लेखणी काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर टेकलेली, स्नायू आखडला की रेघ वर चढते आणि सैल झाला की उतरते. नळकांडं त्याच जागी असताना एकदा जवळून आणि एकदा दुरून झटका दिला की एकाखाली एक दोन टेकड्या उमटतात, आकाराने एकसारख्या, पण दुसरी किंचित पुढे सरकलेली. आकार सारखे, म्हणजे स्नायूने दोन्ही वेळा तेच काम केलं, ही अट उघड दिसते. सरकलेलं अंतर म्हणजे नसेचा वेळ, तोही उघड दिसतो. अचूकतेत हे यंत्र जुन्याच्या पासंगालाही पुरत नव्हतं. पण तासन् तासांच्या मोजमापांनी जे कुणाला पटलं नव्हतं ते या दोन रेघांनी काही मिनिटांत पटू लागलं.

हा काजळीचा ड्रम आपल्याकडे फार दिवस टिकला. पुण्या-मुंबईच्या मेडिकल कॉलेजांतून एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी बेडकाची पोटरी आणि सायटिक नस लावून हाच प्रयोग करवून घेत. रॉकेलच्या धुरावर कागद काळा करायचा, रेघ उमटली की वार्निशमध्ये बुडवून वाळवायचा, जर्नलात चिकटवायचा. हात आणि अ‍ॅप्रन काळेकुट्ट. आता तिथे संगणकावरचा बेडूक आला आहे. बेडकांच्या दृष्टीने उत्तमच. पण दुसरी टेकडी सरकलेली स्वतःच्या हाताने उमटवण्याची मजा गेली ती गेली.

माणसावर

हेल्महोल्ट्झने १८५० मध्येच माणसांवरही तीच वजाबाकी करून पाहिली. कातडीवर एकदा मेंदूजवळ आणि एकदा दूर, पायाच्या अंगठ्यासारख्या ठिकाणी, हलका झटका. जाणवताच माणसाने हाताने खूण करायची. दोन वेळांतला फरक म्हणजे जास्तीच्या नसेचा वेळ. वेग आला सेकंदाला ६० मीटरच्या आसपास. डिसेंबर १८५० मधल्या व्याख्यानात त्याने देवमाशाचं उदाहरण दिलं: शेपटीत भाला रुतला तर ते मेंदूला कळायला सेकंदभर, आणि शेपूट हलवण्याचा हुकूम परत पोचायला आणखी सेकंदभर.

उदाहरण झकास, पण हा भाग प्रकरणातला कच्चा दुवा आहे. इथे ‘डेपोत’ बसला आहे जाणता माणूस. तो कधी सावध, कधी कंटाळलेला. मानेवरचा झटका आणि अंगठ्यावरचा झटका त्याला सारखे वाटतीलच असं नाही. मधला वेळ दोन्ही वेळा सारखा राहत नाही, आणि मग वजाबाकीत काय उरलं हे कुणी सांगावं? नंतरच्या लोकांनी याच रीतीने मोजलं तेव्हा एकमेकांशी मुळीच न जुळणारे आकडे आले. (उट्रेख्टच्या डोंडर्सने १८६८ मध्ये हीच वजाबाकी उलट्या बाजूने वापरून मनाच्या निर्णयाला किती वेळ लागतो ते मोजलं, तिथेही आक्षेप हाच.)

म्हणून १८६७ मध्ये हायडेलबर्गला निकोलाय बाक्स्ट या तरुणाला हाताशी धरून हेल्महोल्ट्झ पुन्हा स्नायूकडे वळला. हात जखडून ठेवायचा, मीडियन नस (हाताच्या मधोमध उतरणारी) मनगटाशी आणि मग वर दंडाच्या बाजूला झटक्याने चेतवायची, आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा कधी फुगतो ते लिहून घ्यायचं. माणसाच्या इच्छेचा संबंधच तोडला. आकडा आला सेकंदाला सुमारे ३४ मीटर, आजच्या मानाने कमी. पुढच्या मोजमापांत तो उन्हाळ्या-हिवाळ्याप्रमाणे बराच खालीवर होताना दिसला: पुन्हा तापमान.

आजचा कागद

आज मधुमेही माणूस पायाच्या बधिरपणाची तक्रार घेऊन गेला की डॉक्टर एनसीव्ही, म्हणजे नसेतल्या निरोपाचा वेग मोजणारी तपासणी, करायला सांगतात. आलेख लिहायला काजळीऐवजी इलेक्ट्रोड आणि अ‍ॅम्प्लिफायर आले; रॉबर्ट होड्स आणि सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये माणसाच्या नसांचा वेग या मार्गाने काढला. बाकी नस तीच, अंगठ्याचा उंचवटा तोच, झटक्याच्या जागाही जवळपास त्याच: मनगट आणि कोपर.

समजा, मनगटाशी झटका दिल्यावर स्नायूचा प्रतिसाद ३.५ मिलिसेकंदांनी उमटला आणि कोपराशी दिल्यावर ७.५ मिलिसेकंदांनी. टेपने मोजलेलं मधलं अंतर २२ सेंटीमीटर. फरक ४ मिलिसेकंद, वेग सेकंदाला ५५ मीटर, धडधाकट हात. वजाबाकी न करता मनगटापासून उंचवट्यापर्यंतच्या ७ सेंटीमीटरना ३.५ मिलिसेकंदांनी भागलं असतं तर वेग २० मीटर आला असता, आणि निरोगी माणसाला आपण आजारी ठरवलं असतं. कारण त्या ३.५ मध्ये नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरचा विलंब आहे, तिथवर पोचताना निमुळत्या होत गेलेल्या तंतूंचा संथपणा आहे. बर्लिनच्या अकादमीला जे कळलं नव्हतं ते हेच.

अटीही जुन्याच. टेक्निशियन झटका वाढवत नेतो, प्रतिसाद वाढायचा थांबला तरी वर आणखी थोडा वाढवतो, आणि रुग्ण ‘अहो, बास’ म्हणतो. दोन्ही जागी नसेतले सगळे तंतू चेतले पाहिजेत म्हणून ही सक्ती. शिवाय एसीच्या खोलीत हात गार पडला असेल तर आधी तो शेकतात, कारण एका अंशाला वेग साधारण २ मीटरने घसरतो. चार-पाच अंशांनी गारठलेला हात कागदावर सहज आजारी दिसू शकतो.

वेग म्हणजेच सगळं, असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते) रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले, तेव्हा ही तपासणी एकदम घरोघरी ऐकू येऊ लागली. जीबीएसच्या एका प्रकारात तंतूंवरचं मायलिनचं आवरण सोलवटतं आणि वेग कोसळतो. दुसऱ्या प्रकारात घाव थेट तंतूवर बसतो. तिथे वाचलेले तंतू जवळपास नेहमीच्याच वेगाने निरोप नेतात, पण ते थोडेच असल्याने स्नायूचा प्रतिसाद खुजा येतो. तिथे वेळेपेक्षा टेकडीची उंची बोलते. कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूनंतर येणाऱ्या जीबीएसमध्ये हा दुसरा प्रकार बऱ्याचदा दिसतो.

आणि एक जागा अशी आहे जिथे हेल्महोल्ट्झने फेकून दिलेला वेळच कामाला येतो. शिवणकाम, पोळ्या लाटणं यांनी हात मुंग्यांनी भरून येतो, रात्री झोपेतून उठवतो. मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नस दाबली जाते, तो कार्पल टनेल. इथे कोपर ते मनगट वेग बहुतेकदा नेहमीसारखाच निघतो, कारण बिघाड मनगटाच्या पुढे, म्हणजे वजाबाकीत उडून जाणाऱ्या भागात आहे. मग डॉक्टर तो ३.५ चा आकडाच पाहतात. तो साधारण ४.२-४.४ मिलिसेकंदांच्या वर गेला की संशय. पण या आकड्यात सांध्याचा आणि तापमानाचा वाटा आहेच, तेव्हा त्याच्या एकट्यावर निकाल देत नाहीत. अनामिकेला दोन नसांची संवेदना असते, एका बाजूला मीडियनची, दुसऱ्या बाजूला करंगळीकडच्या अल्नरची. दोन्ही नसांना मनगटाशी सारख्याच अंतरावर चेतवतात, अनामिकेवर दोन्हींचा वेळ घेतात, आणि फरक अर्ध्या मिलिसेकंदाच्या वर गेला तर मीडियन नस मनगटात दबली आहे असं रिपोर्टात लिहितात.